विकास क्षेत्राचा कारभार: प्राधिकरण, पालिका की कंपनी?

तुमचा प्रश्न मी असा समजलो: सरकारने एखादा भाग विकास क्षेत्र म्हणून जाहीर केला, तर तिथला कारभार स्वतंत्र प्राधिकरणाने पाहावा, स्थानिक पालिकेने पाहावा, की त्यासाठी कंपनी काढावी, आणि यातल्या कोणत्या रचनेत आसपासच्या भागाची आर्थिक वाढ जास्त होते? तुम्ही पुढे लिहिलंय की तिन्ही प्रकारांत जमलेली उदाहरणंही सापडतात आणि फसलेलीही, त्यामुळे प्रबंधासाठी ठोस काही हाती लागत नाही.

हाती लागत नाही, कारण आपण दारावरची पाटी वाचतोय. औद्योगिक क्षेत्रांचं नियोजन आणि कारभार हे माझं काम. आधी सरकारी बाजूने केलं, आता सल्लागार म्हणून करतो. एकाच कायद्याखाली, एकाच नावाने चालणारी दोन प्राधिकरणं अगदी वेगळी वागताना मी पाहत आलोय. म्हणून नव्या क्षेत्राचे कागद हातात आले की रचनेचा तक्ता बाजूला ठेवतो आणि आधी एवढंच शोधतो: क्षेत्र चाललं तर पैसा कोणाकडे जमा होतो, आणि बिघडलं तर निस्तरायचं कोणी? ही दोन्ही नावं एकच असतील, तर पाटीवर काहीही लिहिलेलं असो, गाडं बऱ्यापैकी चालतं. ती वेगळी असतील, तर कायदा कितीही चांगला असला तरी कुरबुरी ठरलेल्या.

आणखी एक गोष्ट आधीच वेगळी करू. कुंपणाच्या आतली वाढ म्हणजे किती कारखाने आले, किती निर्यात झाली, किती लोकांना काम मिळालं. बाहेरची वाढ म्हणजे शेजारच्या गावांतल्या लघुउद्योगांना ऑर्डरी मिळाल्या का, मजुरीचे दर वर गेले का, स्थानिक संस्थेचं उत्पन्न वाढलं का. पहिलीसाठी एक प्रकारची व्यवस्था लागते, दुसरीसाठी वेगळी, आणि दोन्हींची गरज कधीकधी एकमेकींच्या उलट असते. तुम्ही विचारताय दुसरीबद्दल. आकडे मात्र बहुतेक पहिलीचे मिळतात.

आतल्या वाढीचं आधी उरकू. इथे मुद्दा अधिकाराचा. जवळपास प्रत्येक क्षेत्राच्या जाहिरातीत 'एक खिडकी' असते, आणि ती उघडून पाहिली तर बऱ्याचदा आत टपालपेटी निघते. समजा, एका मध्यम कारखान्याला आपल्याच भूखंडावर शेड वाढवायची आहे. बांधकामाचा नकाशा क्षेत्राच्या नियोजन विभागाकडे, अग्निशमनचा ना हरकत दाखला दुसरीकडे, प्रदूषण मंडळाचं संमतिपत्र तिसरीकडे, वाढीव वीजभार वितरण कंपनीकडे आणि कारखान्याचे नकाशे कारखाना निरीक्षकांकडे. खिडकीवरचा माणूस पाच प्रती घेतो, पोच देतो आणि पाच कचेऱ्यांना पाठवून देतो. अग्निशमनवाले त्रुटी काढतात की शेडभोवती बंब फिरायला जागा कमी आहे. जागा सोडली की शेड लहान होते, शेड लहान झाली की आतली यंत्रांची मांडणी बदलते, आणि मांडणी बदलली की बाकीच्या कचेऱ्यांतले नकाशे पुन्हा पहिल्यापासून. यात कोणी लाच मागितलेली नाही, कोणी आळशीपणा केलेला नाही. पाचही जणांनी आपापलं काम नियमाने केलं. फक्त हा कारखाना अमुक महिन्यात सुरू झाला पाहिजे, ही जबाबदारी पाचांपैकी एकाचीही नव्हती.

त्यामुळे मी प्राधिकरणाची रचना विचारत नाही, अधिकार प्रदान केल्याचा आदेश मागतो. कोणत्या कायद्यातली कोणती परवानगी या कार्यालयातला कोणता अधिकारी स्वतःच्या सहीने देऊ शकतो, हे त्यात लिहिलेलं असतं. तो आदेश दोन-तीन ओळींचा निघाला तर खिडकी कशी चालत असेल हे पाहायला जायचीही गरज नाही. भारताचा विशेष आर्थिक क्षेत्र कायदा (२००५) इथे चांगलं उदाहरण आहे. केंद्राच्या अखत्यारीतल्या बाबींसाठी त्यात मान्यता मंडळ, विकास आयुक्त आणि युनिटला, म्हणजे क्षेत्रातल्या कारखान्याला, मान्यता देणारी समिती अशी सरळ साखळी आहे. पण पाणी, वीज, बांधकाम, कामगार यांबाबतचे राज्याचे अधिकार विकास आयुक्ताकडे सोपवायचे का, हे कायद्याने राज्यावर सोडलं. म्हणजे कायदा एक, पाटी एक, आणि विकास आयुक्ताच्या हातात प्रत्यक्षात काय आहे ते राज्यागणिक वेगळं. सेनेगलमधल्या डाकारच्या औद्योगिक मुक्त क्षेत्राची (१९७४) गत याहून वाईट झाली. करसवलती कागदावर भरघोस, पण मंजुरी मिळवताना नेहमीचीच लालफीत, वर गुंतवणुकीच्या आणि रोजगाराच्या किमान अटी. कारखाने फारसे आलेच नाहीत आणि १९९९ मध्ये क्षेत्र गुंडाळावं लागलं.

आता बाहेरची वाढ. इथेच घोडं पेंड खातं.

माझ्या मते या विषयातलं सगळ्यात बोलकं प्रकरण चीनमधल्या सुझौचं आहे. १९९४ मध्ये सिंगापूर आणि चीन या दोन सरकारांनी मिळून सुझौ औद्योगिक पार्क सुरू केला. सिंगापूरच्या गटाचा हिस्सा ६५ टक्के, चिनी बाजूचा ३५. सिंगापूरची कार्यपद्धती, वरून बीजिंगचा आशीर्वाद. कारभाराच्या दृष्टीने याहून चांगली सुरुवात काय असू शकते? पण शहराच्या दुसऱ्या बाजूला सुझौ पालिकेचं स्वतःचं एक विकास क्षेत्र आधीपासून होतं, आणि ते पूर्णपणे पालिकेच्या मालकीचं. आता पालिकेतल्या अधिकाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून बघा. परदेशी कंपनी दारात आली. तिला संयुक्त पार्कमध्ये पाठवलं तर फायद्याचा मोठा वाटा बाहेर जाणार. आपल्या क्षेत्रात नेलं तर सगळा आपलाच. तो तिला कुठे नेईल? तसंच झालं. स्थानिक यंत्रणा आपलंच क्षेत्र पुढे करतेय, अशी तक्रार सिंगापूरचे ज्येष्ठ नेते ली क्वान यू यांनी १९९७ मध्ये उघडपणे केली. शेवटी १९९९ मध्ये हिस्से उलटे करायचं ठरलं आणि २००१ पासून चिनी बाजूकडे ६५ टक्के, सिंगापूरकडे ३५ टक्के आले. पार्कने त्यानंतर चांगलाच वेग घेतला.

थोडं सावध राहायला हवं. २००१ च्या डिसेंबरात चीन जागतिक व्यापार संघटनेत गेला आणि तिथे परकीय गुंतवणुकीचा ओघ तसाही वाढला, त्यामुळे सगळं श्रेय हिस्से बदलण्याला देता येणार नाही. पण आधीच्या सात वर्षांची ओढाताण दुसऱ्या कशानेही नीट समजत नाही. माणसं तीच होती, कौशल्य तेच होतं; स्थानिक संस्थेला पार्क वाढवण्यात स्वारस्य नव्हतं.

तुमच्या मूळ प्रश्नावर, म्हणजे प्राधिकरण स्वतंत्र ठेवायचं की स्थानिक सरकारात विलीन करायचं यावर, सर्वाधिक अनुभवही चीनकडेच आहे. १९८० मध्ये शेन्झेन, झुहाई, शांतौ आणि शियामेन ही विशेष आर्थिक क्षेत्रं आली, आणि १९८४ मध्ये १४ किनारी शहरं खुली झाल्यावर तिथे आर्थिक-तांत्रिक विकास क्षेत्रं निघू लागली. या दुसऱ्या प्रकारात बहुधा व्यवस्थापन समिती असते. ती शहर सरकारने नेमलेली, आटोपशीर, गुंतवणूक आणणं आणि भूखंड तयार करणं यापुरती. सुरुवातीला हे छान चालतं, कारण क्षेत्रात माणसंच राहत नाहीत. मग कामगार येतात, लग्नं होतात, मुलं होतात. शाळा हवी, दवाखाना हवा, बस हवी, आणि हद्दीत आलेल्या जुन्या गावांच्या तक्रारीही ऐकायला हव्यात. समितीकडे यांपैकी कशाचीच यंत्रणा नसते. त्यामुळे कालांतराने अनेक ठिकाणी समिती आणि स्थानिक जिल्हा सरकार एकत्र आणलं गेलं. शांघायच्या पुडोंगमध्ये १९९० ला विकासाची घोषणा, १९९३ ला व्यवस्थापन समिती आणि २००० ला रीतसर सरकार. ग्वांगझौच्या १९८४ च्या विकास क्षेत्राशेजारी २००५ मध्ये लुओगांग हा जिल्हा निघाला. तियानजिनमध्ये २००९ ला तीन जिल्हे मोडून बिनहाई नवं क्षेत्र एका सरकारखाली आणलं.

विलीनीकरणाने मिळतं काय? रस्ता, घरं, शाळा आणि कारखाना यांचा विचार एका टेबलावर होतो, आणि सेवा व्यवसाय वाढतात, कारण लोक तिथे नुसतं काम करत नाहीत तर राहू लागतात. जातं काय? चपळाई. कालपर्यंत फक्त उद्योजकांशी बोलणारा अधिकारी आज जलवाहिनी, शिक्षकभरती आणि अतिक्रमणांत अडकतो. दोन्ही खरं आहे. म्हणून 'कोणती रचना' यापेक्षा 'कोणत्या टप्प्यावर कोणती' हा प्रश्न मला जास्त उपयोगाचा वाटतो. रिकाम्या माळावर पालिका नेमून उपयोग नाही, आणि लाखभर वस्तीच्या शहरावर भूखंड वाटपाची समिती बसवून ठेवण्यातही अर्थ नाही.

लंडनच्या डॉकलँड्सचं, म्हणजे जुन्या गोदींच्या भागाचं, महामंडळ या बाबतीत अभ्यासण्यासारखं आहे. १९८१ मध्ये केंद्र सरकारने ते स्थापलं आणि तिथल्या नियोजनाचे अधिकार स्थानिक बरोंकडून (लंडनमधल्या पालिकांकडून) काढून त्याला दिले. त्यावर बरीच टीका झाली आणि ती रास्तही होती. कार्यालयं उभी राहिली, पण जुन्या गोदी कामगारांच्या वस्त्यांना त्यातल्या नोकऱ्या फारशा मिळाल्या नाहीत. तरी एक गोष्ट मला आवडते. ते कायमचं नव्हतं. काम होईल तसतसे भाग टप्प्याटप्प्याने हद्दीतून वगळून नियोजनाचे अधिकार बरोंकडे परत गेले आणि १९९८ मध्ये महामंडळ बंद झालं. बहुतेक प्राधिकरणं जन्माला येतात ती अमरपट्टा घेऊन, आणि शेवटच्या भूखंडाचं वाटप झाल्यावरही कर्मचारी, गाड्या आणि इमारत तशीच राहते.

कंपनी या पर्यायाबद्दल थोडक्यात. चाललेली उदाहरणं आहेत: आयर्लंडमधल्या शॅननचं १९५९ चं क्षेत्र विकास कंपनीनेच उभं केलं, शेजारी नवं गावही वसवलं, शेन्झेनजवळचं शेकोऊ १९७९ पासून चायना मर्चंट्स या कंपनीने विकसित केलं. कंपनीची माणसं स्वतःची असतात, प्रतिनियुक्तीवर येऊन बदलीची वाट पाहत नाहीत, हा मोठा फायदा. पण कंपनी कमावते कशावर, ते बघा. सेवाशुल्कावर कमावत असेल तर भूखंड भरलेला, चालता हवा असतो. निव्वळ जमिनीच्या किमतीवर कमावत असेल तर जमीन धरून बसण्यातही फायदा असतो. भारताच्या महालेखापरीक्षकांच्या २०१४ च्या अहवालात विशेष आर्थिक क्षेत्रांसाठी अधिसूचित झालेल्या जमिनीपैकी सुमारे ६२ टक्के जमिनीवरच कामकाज सुरू झाल्याचं आढळलं. याला २०११-१२ पासून लागू झालेला किमान पर्यायी कर (सवलती असल्या तरी कंपनीला भरावाच लागणारा किमान कर) आणि मागणीतली मंदी हीही कारणं होती, नुसता विकासकांना दोष देणं सोपं आहे. पण ठरलेल्या मुदतीत न वापरलेला भूखंड परत घेण्याची अट कागदावर असूनही ती बजावणारा कोणी नसेल, तर शेजारच्या गावाच्या वाट्याला ना शेती राहते ना कारखाना.

आता करवाटप. प्रबंधात एकच प्रकरण खोलात लिहायचं असेल तर यावर लिहा, असं मी सुचवेन.

मी काम केलेल्या एका क्षेत्रात पावसाळी गटार उत्तम बांधलेलं होतं: योग्य उतार, पक्कं काँक्रीट, वर जाळ्या. ते हद्दीच्या भिंतीपाशी येऊन थांबायचं. पुढचा नाला आणि रस्त्याखालची मोरी स्थानिक संस्थेच्या ताब्यात, आणि ती मोरी जुनी, अरुंद. क्षेत्राचं म्हणणं, हद्दीबाहेर खर्च केला तर लेखापरीक्षणात आक्षेप येईल. स्थानिक संस्थेचं म्हणणं, तुमच्या छपरांचं आणि रस्त्यांचं पाणी आमच्या नाल्यात येतं, त्या कारखान्यांकडून आम्हाला एक पैसा मिळत नाही, मोरी आम्ही का रुंद करावी? दोघंही नियमाने बरोबर. मोठा पाऊस झाला की कडेच्या भूखंडांत पाणी शिरायचं आणि भिंतीपलीकडच्या वस्तीतही. बैठका व्हायच्या, इतिवृत्तं निघायची. मोरी काही रुंद होत नव्हती, कारण ती रुंद केल्याने ज्याचं उत्पन्न वाढेल असा त्या टेबलावर कोणी नव्हता.

हे टाळायचे प्रयत्न वेगवेगळ्या तऱ्हांनी झालेत. फिलिपिन्सने १९९५ च्या कायद्याने आपली निर्यात क्षेत्रं एका राष्ट्रीय प्राधिकरणाखाली आणली. त्यात कारखान्यांनी इतर बहुतेक करांऐवजी ढोबळ उत्पन्नाच्या ५ टक्के कर द्यायचा अशी तरतूद होती, आणि १९९९ च्या दुरुस्तीनंतर या पाचांपैकी २ टक्के थेट स्थानिक संस्थेच्या खजिनदाराकडे जायचे. 'थेट' हा शब्द तिथे फार महत्त्वाचा. वरून झिरपत येणारा पैसा स्थानिक संस्थेच्या अंदाजपत्रकात धरता येत नाही. आंध्र प्रदेश आणि तेलंगणात अशी व्यवस्था केली गेली की औद्योगिक वसाहतीच्या स्थानिक प्राधिकरणानेच मालमत्ता कर गोळा करायचा, ६५ टक्के वसाहतीच्या देखभालीला ठेवायचे आणि ३५ टक्के शेजारच्या स्थानिक संस्थेला द्यायचे. हे गुणोत्तर सगळीकडे योग्य असेल असं नाही, पण वाद 'द्यायचं का' यावरून 'किती द्यायचं' यावर येतो, हेच मोठं काम. याच्या दुसऱ्या टोकाला भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद २४३-क्यू मधलं परंतुक आहे: एखादी औद्योगिक आस्थापना स्वतः नागरी सेवा देत असेल तर राज्यपाल तो भाग औद्योगिक नगरी ठरवू शकतात, आणि मग तिथे पालिका स्थापन होत नाही. सेवा उत्तम मिळू शकतात. पण तिथे राहणाऱ्याला निवडून दिलेला नगरसेवक नाही, आणि शेजारच्या पालिकेला त्या कराचा आधार नाही.

मॉरिशसने तर कुंपणच घातलं नाही. १९७० च्या कायद्याने निर्यात क्षेत्राचा दर्जा जागेला देण्याऐवजी कारखान्याला दिला. बेटावर कुठेही उभा करा. त्यामुळे कामगार आपल्या गावातून कामावर जाऊ शकले, आणि साखर उद्योगातलं स्थानिक भांडवलही कापड कारखान्यांत आलं. छोट्या देशाला हे शक्य झालं. मोठ्या देशात एवढ्या विखुरलेल्या कारखान्यांवर सीमाशुल्काची नजर ठेवणं अवघड.

एक प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण तो टाळता येणार नाही: क्षेत्र जाहीर करण्याचा अधिकार कोणाला? प्रत्येक पातळीवर तो असला की एक ना धड भाराभर चिंध्या अशी अवस्था होते. चीनमध्ये एका टप्प्यावर ६,८६६ विकास क्षेत्रं झाली होती. तालुक्यांनी, गावांनीसुद्धा आपापली काढली होती आणि जमीन स्वस्त देण्यात, कर माफ करण्यात एकमेकांशी स्पर्धा लावली होती. २००३ पासून केंद्राने छाटणी केली आणि २००६ अखेर १,५६८ उरली. जगभरातही संख्या थोडी नाही. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार आणि विकास परिषदेने २०१९ मध्ये १४७ अर्थव्यवस्थांत सुमारे ५,४०० क्षेत्रं मोजली होती. अशा गर्दीत एका क्षेत्राची वाढ ही शेजारच्या जिल्ह्याची घट असू शकते.

मग तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर काय? स्थानिक संस्था सक्षम असेल, तांत्रिक माणसं असतील, तर मी तिला क्षेत्रात हिस्सेदार करेन आणि प्राधिकरण लहान ठेवेन. ती दुबळी असेल तर सुरुवातीला स्वतंत्र प्राधिकरणच नेमेन, पण करातला ठरलेला वाटा पहिल्या दिवसापासून स्थानिक संस्थेला, हद्दीबाहेरच्या जोडकामांवर खर्च करायची परवानगी मूळ आदेशातच, आणि कारभार स्थानिक संस्थेकडे सोपवायचं वर्षही त्यातच. मोठ्या शहराला खेटून असलेलं क्षेत्र आणि दूरच्या माळावरचं क्षेत्र यांना एकच नियम लावणार नाही. आणि जिथे येणारा उद्योग कच्चा माल आयात करून फक्त जुळणी करणारा आहे, तिथे कारभार कितीही सुधारला तरी बाहेर फार काही झिरपेल अशी आशा धरणार नाही.

ही बाहेरची वाढ मोजायची कशी, हेही तुम्ही शेवटी विचारलंय. निर्यातीचे आणि गुंतवणुकीचे आकडे क्षेत्राच्या अहवालातून सहज मिळतील. ते बाजूला ठेवा. हद्दीबाहेरच्या पट्ट्यातल्या औद्योगिक वीजजोडण्या, नव्याने नोंदलेले लघुउद्योग, स्थानिक संस्थेचं स्वतःचं उत्पन्न, आणि आतल्या कारखान्यांची स्थानिक खरेदी, हे क्षेत्र जाहीर होण्याआधीच्या काही वर्षांपासून जमवा. आत आलेल्यांपैकी नवे किती आणि सवलतीसाठी जवळच्याच ठिकाणाहून हललेले किती, हे कारखान्यांच्या जुन्या पत्त्यांवरून काढता येतं. कंटाळवाणं काम आहे, पण केल्याशिवाय पुढे जाऊ नका. तुलना करताना क्षेत्र नसलेला कुठलाही जिल्हा घेऊ नका, कारण क्षेत्रं बहुधा बंदराजवळ, महामार्गालगत, म्हणजे तसंही वाढणाऱ्या ठिकाणीच काढतात. ज्यांना तोच दर्जा काही वर्षं उशिरा मिळाला अशी ठिकाणं घ्या. आणि प्रत्येक ठिकाणच्या कारभाराचा प्रकार नोंदवताना 'प्राधिकरण' किंवा 'कंपनी' असं लिहून थांबू नका. करातला स्थानिक वाटा किती टक्के, तो थेट मिळतो की वरून, आणि प्रमुखाचा सरासरी कार्यकाळ किती, हे तीन वेगळे रकाने करा.